अपयशाचे धनी

घर बुडाले तर कर्ता पुरुष नालायक आणि घर वर आले तर कर्ता पुरुष पुण्यवान, हा न्याय आपल्या इतका अंगवळणी पडून गेला आहे की, तो खरोखर न्याय आहे की केवळ सवय आहे, याचा विचार करण्यास सहसा कोणी थांबत नाही. शाळेचा निकाल खालावला की मुख्याध्यापक, नाटक पडले की लेखक, लढाई हरली की सेनापती. फळ समोर दिसते, मनुष्य समोर दिसतो, आणि दोहोंमध्ये एक सरळ रेघ ओढून आपण मोकळे होतो. ही रेघ ओढण्याचा आपणांस अधिकार किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी जो दाखला आम्ही घेणार आहोत तो वाचकांस प्रथमदर्शनी काहीसा चमत्कारिक वाटेल; कारण तो अमेरिकेतील एका खेळाचा आहे.

आमची कन्या पिट्सबर्ग शहरी राहते. तिच्याकडे काही महिने काढण्याचा योग आम्हांस आला, आणि तो नेमका फुटबॉलच्या हंगामात आला. हा खेळ नावाचाच फुटबॉल. चेंडू बहुतेक वेळ हातात असतो आणि झोंबाझोंबी कुस्तीची आठवण करून देते. रविवारी सगळे गाव काळी-पिवळी वस्त्रे लेवून बसते, कारण तेथील 'स्टीलर्स' या संघाचे रंग तेच. परंतु आमचे कुतूहल खेळापेक्षा खेळानंतरच्या वादाने अधिक चाळवले. दुकानदार, बसचालक, शेजारचे निवृत्त गृहस्थ, जो तो एकाच प्रश्नावर हिरीरीने बोले: मुख्य प्रशिक्षकास ठेवावे की काढावे? प्रथम आम्ही हसलो. पुढे त्या पदाचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, हा वाद वरवर खेळाचा असला तरी आतून नीतिशास्त्राचा आहे.

मुख्य प्रशिक्षकाचे पद मोठे विलक्षण आहे. एका वेळी संघाचे अकरा गडी मैदानात उतरतात. प्रशिक्षक कडेला उभा असतो आणि चेंडूस त्याचा हातही लागत नाही. डाव आखणे, गडी तयार करणे, हाताखालच्या साहाय्यक शिक्षकांकडून काम करून घेणे, एवढे त्याचे काम. गडी निवडण्याचा अधिकार पुष्कळ संघांत दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे असतो, आणि सर्वांच्या वर मालक. पराभव साठत गेले म्हणजे सगळेच गडी काही बदलता येत नाहीत आणि मालक तर स्वतःला बदलत नाही. तेव्हा जो बदलता येतो तो बदलला जातो. हंगामातील नित्याचे सामने संपले की दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांस निरोप देण्याची इतकी वहिवाट पडली आहे की, त्या सोमवारास तिकडे 'काळा सोमवार' असेच म्हणतात. मुख्य प्रशिक्षक गेला की साहाय्यकांपैकीही बहुतेकांस बिऱ्हाड हलवावे लागते.

येथे एका साध्या अंकगणिताकडे वाचकांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. या व्यावसायिक मंडळात बत्तीस संघ आहेत आणि २०२१ पासून प्रत्येक संघ हंगामात सतरा सामने खेळतो. क्वचित बरोबरी होते ती सोडली, तर प्रत्येक सामन्यात एक जिंकतो व एक हरतो. म्हणजे सर्वांचे जय आणि सर्वांचे पराजय यांची बेरीज नेहमी समसमानच भरणार. उद्या बत्तीसही जागी प्रत्यक्ष द्रोणाचार्य आणून बसविले तरी त्यांतील कित्येक हंगामाअखेर अपयशी ठरणारच. ज्या व्यवस्थेत काहींचे अपयश गणितानेच ठरलेले आहे, तेथे अपयश हाच दोषाचा पुरावा मानला तर तो न्याय होत नाही, सोडत होते.

आता इतिहासाकडे वळू. आर्ट रूनी नामक गृहस्थाने १९३३ साली पिट्सबर्गमध्ये हा संघ काढला. 'स्टीलर्स' हे नाव त्यास १९४० साली मिळाले. पहिल्या छत्तीस हंगामांत डझनाहून अधिक प्रशिक्षक झाले. १९४१ साली तर एकाच हंगामात तिघे. इतके हात बदलूनही विजेतेपद एकदाही हाती आले नाही. या काळातील एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९५५ साली जॉन युनायटस नावाचा एक तरुण खेळाडू संघाने निवडला, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच तो निरुपयोगी म्हणून घरी पाठविला. पुढे बाल्टिमोरकडून खेळून तो त्या खेळातील थोरांपैकी एक ठरला. पारख चुकली होती. आणि ती चुकण्याचे कारण, त्यास पुरते पाहिलेच गेले नव्हते.

१९६९ साली चक नोल या सदतीस वर्षांच्या गृहस्थाची नेमणूक झाली. त्याने पहिला सामना जिंकला आणि उरलेले तेराही गमावले. आपल्याकडील कोणत्याही संस्थेच्या वार्षिक सभेत या आकड्यांवर काय भाषणे झाली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी. नोल राहिला. दुसऱ्या व तिसऱ्या हंगामातही जयांहून पराजय अधिक. तरी तो राहिला. चौथ्या हंगामात, १९७२ साली, संघाने अकरा सामने जिंकले. आणि १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत चार वेळा 'सुपर बोल' हे सर्वोच्च विजेतेपद मिळविले. नोल १९९१ पर्यंत त्या पदावर होता. त्यानंतर बिल काउअर, १९९२ ते २००६. आणि २००७ साली माइक टॉमलिन आला. नेमणुकीच्या वेळी तिघेही चाळिशीच्या आतले. १९६९ ते २०२४ या छप्पन्न हंगामांत अवघे तीन मुख्य प्रशिक्षक, आणि तिघांच्याही हातून विजेतेपद.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. सुमारे दोनशे किलोमीटरवर क्लीव्हलंड शहर आहे. तेथील 'ब्राउन्स' संघ १९४६ साली पॉल ब्राउन याने उभा केला. संघाचे नावही त्याच्यावरूनच पडले. हा प्रशिक्षक म्हणजे या खेळातील आद्य शास्त्रकारच. गड्यांस वर्गात बसवून शिकविणे, चित्रफिती पाहून डावांचा अभ्यास करणे, साहाय्यकांस बारमाही नेमणे, या प्रथा त्याने रूढ केल्या. त्याने सात विजेतीपदे मिळविली. तरी १९६३ च्या जानेवारीत आर्ट मॉडेल या नव्या मालकाने त्यास दूर केले. पुढे १९९९ ते २०१९ या एकवीस हंगामांत त्या संघाने नऊ कायम प्रशिक्षक पाहिले. त्यांतील दोघांस एकेकच हंगाम मिळाला.

येथपर्यंत वाचून वाचक म्हणतील, 'तात्पर्य उघड आहे: धीर धरणाऱ्यास फळ मिळते.' आम्हीही प्रथम हेच तात्पर्य काढले होते. परंतु ते टिकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पिट्सबर्गमध्येच नोलच्या पूर्वी बडी पार्कर या प्रशिक्षकास आठ हंगाम मिळाले होते. विजेतेपद आले नाही. क्लीव्हलंडनेही एकदा धीर धरून पाहिला. २०१६ साली ह्यू जॅक्सन याच्या हाताखाली संघाने सोळांपैकी एकच सामना जिंकला, मालकाने त्यास ठेवले, पुढच्या वर्षी संघ सोळाच्या सोळा सामने हरला, तरीही ठेवले, आणि अखेर २०१८ च्या हंगामाच्या मध्यात काढले. नोलचा पहिला हंगाम आणि जॅक्सनचा पहिला हंगाम आकड्यांनी जवळजवळ सारखे दिसतात. एका ठिकाणी धीर हे शहाणपण ठरले, दुसऱ्या ठिकाणी तोच धीर वेळेचा अपव्यय ठरला. म्हणजे धीर हा काही स्वयंसिद्ध सद्गुण नव्हे. तो कशाकडे पाहून धरला, यावर त्याचे मोल अवलंबून आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. एवढे असून जो एकट्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी अपक्व होय, असेही तेथे म्हटले आहे. टीकाकारांनी या वचनाचा अर्थ आत्मज्ञानाच्या अंगाने लावला आहे, तो आम्हांस मान्य आहे. परंतु व्यवहारातही हे पंचक किती उपयोगी पडते ते पाहावे.

अधिष्ठान म्हणजे पायाखालची भूमी. नोलच्या पायाखाली रूनी घराण्याचा विश्वास होता. पॉल ब्राउनच्या पायाखालून तो काढून घेतला गेला. करणे म्हणजे साधने, अर्थात गडी. १९७४ साली नोलच्या संघाने जे नवे गडी निवडले त्यांतील चौघे पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसले. चेष्टा म्हणजे अनेकांचे अनेकविध श्रम. पूर्वी पत्रकार असलेला बिल नन हा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत हिंडून, इतरांच्या नजरेस न पडलेले गडी हेरून आणी. विजेतेपदाच्या छायाचित्रात त्याचा चेहरा कोणी शोधत नाही. आणि दैव? १९६९ चा हंगाम पिट्सबर्ग आणि शिकागो या दोघांनाही सारखाच वाईट गेला. पुढील निवडीत पहिला मान कोणाचा, हे ठरविण्यास नाणे उडवावे लागले. कौल पिट्सबर्गकडे पडला आणि टेरी ब्रॅडशॉ हा खेळाडू त्यांस मिळाला. चारही विजेतेपदांच्या वेळी संघाचे सूत्र त्याच्याच हाती होते. नाणे दुसऱ्या कुशीवर पडते तर आज आपण नोलचे गुण कोणत्या शब्दांत गायिलो असतो?

कर्त्याचा वाटा निराळा काढणे किती कठीण आहे, याची दोन उदाहरणे अशी. बिल बेलिचिक हा १९९१ ते १९९५ क्लीव्हलंडचा प्रशिक्षक होता. पाचांपैकी चार हंगामांत पराजयच अधिक, म्हणून तो निघाला. २००० साली तो न्यू इंग्लंडच्या संघावर आला. तेथेही पहिल्या हंगामात सोळांपैकी पाचच जय. दुसऱ्या हंगामाच्या आरंभी त्याच्या प्रमुख खेळाडूस जबर दुखापत झाली आणि नाइलाजाने टॉम ब्रॅडी या तरुणास पुढे करावे लागले. निवडीच्या यादीत हा तरुण एकशेनव्याण्णवावा होता. त्यानंतर त्या जोडीने सहा विजेतीपदे मिळविली. २०२० साली ब्रॅडी दुसऱ्या संघात गेला आणि त्याच हंगामात तेथे विजेता झाला. बेलिचिकच्या संघाची मात्र उतरती कळा लागून २०२४ च्या जानेवारीत त्यासही पद सोडावे लागले. क्लीव्हलंडमधला नालायक, न्यू इंग्लंडमधला ऋषी आणि शेवटचा थकलेला वृद्ध, हे तीन मनुष्य नव्हेत. एकच मनुष्य आहे.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १० जानेवारी २०२१ रोजी क्लीव्हलंडचा संघ पिट्सबर्गच्या मैदानावर बादफेरीचा सामना खेळला. मुख्य प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की यास साथीच्या रोगाची बाधा झाल्यामुळे तो घरी बसून सामना पाहत होता. क्लीव्हलंडने तो सामना ४८ विरुद्ध ३७ गुणांनी जिंकला. बादफेरीतील त्यांचा हा पंचवीसहून अधिक वर्षांतील पहिलाच जय. या जयाचे श्रेय घरी बसलेल्या स्टेफान्स्कीस द्यावे काय? आमचे मत, अवश्य द्यावे. कारण त्याचे काम त्या दिवसापूर्वीच झालेले होते. परंतु असे म्हटले की लगेच दुसरी गोष्टही कबूल करावी लागते. पॉल ब्राउनला काढल्यावर दोनच हंगामांत, १९६४ साली, ब्लँटन कॉलियर या त्याच्याच माजी साहाय्यकाच्या हाताखाली क्लीव्हलंडचा संघ विजेता ठरला. त्या विजयातही हकालपट्टी झालेल्या मनुष्याचे काम मुरलेले होते. मालकास मात्र म्हणता आले, 'पाहा, माझा निर्णय योग्य होता.' त्यानंतर साठ वर्षे उलटून गेली, क्लीव्हलंडला पुन्हा विजेतेपद मिळालेले नाही; पण म्हणून मॉडेलचा निर्णय अयोग्य होता असे सिद्ध होते, हे म्हणणेही तितकेच चुकीचे होईल. फळावरून मनुष्य जोखू नये असे ठरविले, तर तो नियम आपल्याला न आवडणाऱ्या मालकालाही लागू केला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल व तो भारी आहे. 'पाच कारणांचा हा पाढा वाचून प्रत्येक आळशी अधिकारी सुटून जाईल. जो उठेल तो परिस्थितीकडे बोट दाखवील. मग जबाबदारी घेणार कोण?' या आक्षेपास आमचे उत्तर असे की, गीतेने कर्त्याचे नाव यादीतून वगळलेले नाही. पाचांतला एक म्हणजे शून्य नव्हे. ज्याने पद स्वीकारले, मान स्वीकारला, वेतन घेतले, त्याने पराभवाच्या दिवशी पुढे होऊन उभे राहावे, हे रास्तच आहे. मालकासही माणूस बदलण्याचा अधिकार आहे आणि कधी तो वापरणे त्याचे कर्तव्यही असेल. पण पद सोडावे लागणे ही एक गोष्ट, आणि नालायक ठरणे ही दुसरी. पहिली व्यवहाराची बाब आहे, दुसरी न्यायाची. आपण पहिल्या निर्णयाला दुसऱ्याचा पोशाख चढवितो, यातच अनीती आहे. उत्तरदायित्व पत्करणाऱ्याचे जसे एक कर्तव्य आहे तसे निवाडा देणाऱ्याचेही आहे. ते असे की, त्याने फळ दिसण्यापूर्वीचे काम जाऊन पाहावे. फळ पाहण्यास श्रम पडत नाहीत; ते वर्तमानपत्रात छापून येते. काम पाहण्यास मात्र रोज मैदानावर जाऊन उभे राहावे लागते.

आणखी एक गोष्ट या इतिहासात अशी आहे की, ती विसरून केलेला विचार अपुरा ठरेल. आम्ही आतापर्यंत ज्यांस पद मिळाले त्यांच्याविषयी बोललो. ज्यांस कधी उभेच केले नाही त्यांचे काय? १९२० नंतरच्या काही वर्षांत फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीयाने या मंडळातील संघांचे प्रशिक्षकपद सांभाळले होते. त्यानंतर १९८९ साली आर्ट शेल याची नेमणूक होईपर्यंत, म्हणजे साठांहून अधिक वर्षे, त्या समाजातील एकाही मनुष्यास ते पद मिळाले नाही. त्यांच्या नावावर जय नाही आणि पराजयही नाही. अपयशाचे धनी होण्याचा अधिकारसुद्धा त्यांस नव्हता. पुढे २००३ साली असा नियम झाला की, मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातील निदान एका उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. आर्ट रूनीचा पुत्र डॅन रूनी याने त्यासाठी पुढाकार घेतला म्हणून तो 'रूनी नियम' या नावाने ओळखला जातो. हा नियम कोणास पद देत नाही. केवळ 'नीट पाहिल्यावाचून ठरवू नका' एवढेच सांगतो. चार वर्षांनी रूनी घराण्याने नेमलेला टॉमलिन हा कृष्णवर्णीय होता, आणि त्याच्या पहिल्या अठरा हंगामांत एकदाही पराजयांची संख्या जयांपेक्षा वर गेली नाही.

हे सर्व आम्ही इतक्या जिव्हाळ्याने का लिहिले, हे सांगितल्यावाचून लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात, एका तरुण अध्यापकाची हंगामी नेमणूक पुढे चालू ठेवावी की नाही, हे ठरविणाऱ्या समितीत आम्ही होतो. त्याच्या विषयाचा त्या वर्षीचा निकाल वाईट लागला होता. समितीपुढे एक कागद होता व त्यावर आकडे होते. बैठक अर्ध्या तासात आटोपली. आम्ही सही केली. त्याच्या वर्गात जाऊन त्याचे एकही व्याख्यान आम्ही ऐकलेले नव्हते, आणि हे त्या वेळी आम्हांस खटकलेही नाही. पुढील वर्षी त्याच्या जागी दुसरे गृहस्थ आले. निकाल उत्तम लागला. आम्ही एकमेकांचे अभिनंदन केले. त्या यशस्वी विद्यार्थ्यांपैकी एकजण काही वर्षांनी आम्हांस सहज भेटला. त्याने सांगितले की, आदल्या वर्षी, ते खालच्या वर्गात असताना, तेच सर संध्याकाळी थांबून मुलांचा पाया पक्का करून घेत असत. शेवटच्या परीक्षेच्या वेळीही त्यांच्याच वह्या सर्वांनी वापरल्या. ज्या वर्षी निकाल वाईट लागला ती मुले त्यांच्या हाती केवळ काही महिनेच आली होती.

त्या अध्यापकाचे पुढे काय झाले याची आम्ही चौकशी केली नाही. करावयास हवी होती. कदाचित त्याचे चांगले झाले असेल. परंतु त्याचे चांगले झाले असे कळले असते तर आम्ही ते ऐकून निर्दोष झालो असतो काय? तसे मानणे म्हणजे ज्या फलन्यायाविरुद्ध हा लेख लिहिला त्याच न्यायाने स्वतःची सुटका करून घेणे होय.

पिट्सबर्गहून निघण्याच्या आदल्या दिवशी शेजारचे ते निवृत्त गृहस्थ आम्हांस पुन्हा भेटले. आदल्या रविवारी संघ हरला होता. त्यांनी आम्हांस विचारले, 'तुम्ही परके, तुम्हांला पक्षपात नाही. सांगा, ठेवावा की काढावा?' आम्ही म्हटले, 'आम्ही त्यांचा सराव एकदाही पाहिलेला नाही.' ते हसले. त्यांना वाटले आम्ही उत्तर टाळले. वस्तुतः त्या समितीत जे उत्तर द्यावयाचे राहून गेले होते तेच आम्ही, फार उशिरा आणि भलत्याच ठिकाणी, देत होतो.